टँबर म्हणजे गुणवत्ता नव्हे

ध्वनीबद्दल मराठीत काही वाचताना ‘टँबर’साठी ‘ध्वनीची गुणवत्ता’ असा शब्द आला की मी दर वेळी अडखळते. गुणवत्ता म्हटलं की मनात लगेच चांगलं-वाईट येतं, आणि टँबरचा त्याच्याशी काही संबंध नाही. बासरी आणि व्हायोलिन, दोन्हींवर ४४० हर्ट्‌झचा एकच स्वर सारख्याच जोरानं वाजवा. डोळे मिटूनही कळतं, ही बासरी, हे व्हायोलिन. ज्यामुळे कळतं ते टँबर.

माझ्या आईचा आवाज आता वयानं कापरा झालाय. गुणवत्तेच्या भाषेत तो ‘उतरला’ म्हणावं लागेल. पण फोनवर नुसतं ‘अगं’ ऐकलं तरी तीच बोलतेय हे कळतंच ना!

‘टँबर’ हा शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा प्रवास मला फार आवडतो. मूळ ग्रीक शब्द चामड्याच्या तालवाद्याचा. फ्रेंचमध्ये ‘तँब्र’ आधी एक छोटा ढोल होता, मग हातोडीनं वाजणारी घंटा झाला, पुढे आवाजाचा गुण झाला. दुसऱ्या वाटेनं तोच शब्द शिक्क्यापर्यंत आणि टपालाच्या तिकिटापर्यंत गेला. साइड ड्रमच्या खालच्या कातड्याला टेकून झणझणणाऱ्या तारांनाही फ्रेंच वादक तँब्रच म्हणतात. अठराव्या शतकात ओळखीच्या चालीवर नवे शब्द बांधून गात, तेव्हा ती मूळ चाल कोणती हे सांगणाऱ्या छोट्या ओळीचं नावही तँब्र! फ्रेंच विचारवंत रूसोनं १७६८च्या आपल्या संगीतकोशात आवाज कर्कश की मृदू, दबका की लखलखीत, कोरडा की मुलायम हे ठरवणारा गुण, असा अर्थ दिला आणि हा शब्द इथे रूपकानं आलाय असंही नोंदवलं.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्‌झनं १८६३मध्ये यामागचं शास्त्र मांडलं: ४४०च्या जोडीला ८८०, १३२० असे उपस्वर वाजतात, आणि त्यांतला कोणता किती जोरकस यावर आवाजाचा रंग ठरतो. क्लॅरिनेटच्या खालच्या पट्टीत विषम, म्हणजे मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट असे उपस्वर वरचढ असतात, तिचा तो पोकळ, लाकडी नाद त्यातूनच येतो. पण एवढ्यानं भागत नाही. पियानोचं ध्वनिमुद्रण उलटं वाजवा. उपस्वर तेच, तरी पियानो ओळखू येत नाही, ऑर्गनसारखं काहीतरी वाजतंय असं वाटतं. स्वर कसा उमटतो आणि कसा विरतो, हेही टँबरच.

मग मराठीत काय म्हणावं? संगीतशास्त्राच्या पुस्तकांत ‘नादाची जाती’ आहे, आणि ‘त्याच्या आवाजाची जातच वेगळी’ हे तर आपण सहज बोलतो. मला तोच शब्द हवा. काही जण ‘पोत’ सुचवतात, कानाला गोडही लागतो, पण तो टेक्श्चरसाठी लागतो, म्हणजे अनेक सुरावटी एकमेकींत कशा विणल्या आहेत ते सांगायला. तो तिथेच राहू द्या.