दुष्टाविरुद्ध न्याय मागणं म्हणजे द्वेष नव्हे

ताई, प्रभूच्या नावात सलाम.

दुष्टाला शासन कर अशी देवाकडे मागणी करणाऱ्या, बायबलमधल्या स्तोत्र 109 वरचा माझा लेख वाचून तुम्ही दुखावलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रभू येशूने वैऱ्यांवर प्रीती करायला सांगितलं, पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने दगड मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, तेव्हा 'देवा, दुष्टांचा न्याय कर' ही प्रार्थना जुन्या कराराबरोबर संपली, ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ती शोभत नाही. शेवटी विचारलंत, शब्बाथ शाळेतल्या मुलांना आम्ही हे शिकवायचं का? तुमची कळकळ खरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ही प्रार्थना जुन्या कराराबरोबर संपली, हे मला मान्य नाही. लूकच्या 18 व्या अध्यायात खचून न जाता प्रार्थना कशी करावी हे शिकवायला प्रभूने कोणाचा दाखला दिला? एका विधवेचा. ती न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते आणि एकच मागते, प्रतिवादीविरुद्ध माझा न्याय करा. प्रकटीकरणाच्या 6 व्या अध्यायात वेदीखालचे हुतात्मे 'प्रभू, कोठवर?' असं ओरडून आपल्या रक्ताचा न्याय मागतात. तेही स्तेफनासारखेच वचनासाठी मारले गेलेले. देव त्यांना 'अजून क्षमा करायला शिकला नाहीत' असं म्हणत नाही. पांढरे झगे देतो आणि थोडा वेळ थांबायला सांगतो.

आमच्या घरगुती प्रार्थनासभेत एक बहीण येते. नवरा वारल्यावर वारसनोंद करायची आहे असं सांगून दिराने तिला दुय्यम निबंधकाकडे नेलं आणि अंगठा घेतला तो हक्कसोडपत्रावर. सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं. सभेत तिने विषय काढला की कोणीतरी लगेच म्हणायचं, "सोडून दे गं, क्षमा कर, प्रभू बघेल." मग ती डोक्यावर पदर घेऊन इतरांच्या तापासाठी, परीक्षांसाठी प्रार्थना करायची. स्वतःचं दुःख गिळायची. एकदा सभेत स्तोत्र 94 वाचलं. दुष्ट लोक विधवेला आणि परक्याला ठार मारतात आणि म्हणतात, परमेश्वर पाहत नाही, या ओळींपाशी ती म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. त्या दिवशी तिने दिराचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना केली. त्याचं वाटोळं मागितलं नाही. "त्याने लिहून घेतलेलं खोटं उघडं पाड, आणि माझं शेत मला मिळू दे," एवढंच म्हणाली.

ताई, या प्रार्थनेत तुम्हाला द्वेष दिसतो का? मला विश्वास दिसतो. ज्यांचं गुंठाभरही गेलेलं नाही त्यांनी तिच्याकडे क्षमेची वसुली करावी, हे मला पटत नाही. क्षमा तिने करायची आहे, तिच्या वेळेला, प्रभूच्या कृपेने. दिवाणी न्यायालयात तिचा दावा चालू आहे, तोही तिने मागे घेऊ नये. प्रेषित पौलानेही कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली होती.

दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा एन-गेदीच्या गुहेत त्याच्या हाती आयता सापडला. दाविदाने त्याच्या झग्याचा काठ कापला, त्याला जिवंत जाऊ दिलं, आणि नंतर हाक मारून सांगितलं की परमेश्वर तुझा माझा न्याय करो, पण माझा हात तुझ्यावर पडणार नाही. न्याय देवाकडे सोपवला म्हणून त्याचा हात आवरला. रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात पौल हेच शिकवतो: सूड स्वतः घेऊ नका, तो देवाचा आहे, वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. देव न्याय करणारच नसेल, तर हात आवरायचा तो कशाच्या भरवशावर?

स्तोत्र 137 चा शेवट तुम्ही मुद्दाम उद्धृत केलात. बाळांना खडकावर आपटण्याची ती ओळ मलाही वाचवत नाही. कोणाचंही नाव घेऊन मी ती कधी म्हणणार नाही. पण ती यरुशलेमेचा विध्वंस सोसून बाबेलात नेलेल्यांच्या तोंडची आहे. आपल्या लेकरांचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तो संताप देवापुढे ओतला. आणि बाबेलातल्या बंदिवानांनाच यिर्मयाने पत्र लिहून कळवलं की ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. पवित्र शास्त्राने दोन्ही जपून ठेवलं, एकासाठी दुसरं खोडलं नाही.

तुमची एक भीती मात्र अगदी रास्त आहे: आपण स्वतःला नीतिमान समजून शेजाऱ्याला दुष्ट ठरवू. 1937 च्या जुलैमध्ये, पाळक मार्टिन नीमोलर यांना नाझींनी अटक केल्यावर थोड्याच दिवसांत, जर्मन पाळक आणि धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी फिंकनवाल्डे इथल्या पाळक-प्रशिक्षण शाळेत स्तोत्र 58 वर संदेश दिला. तेही दुष्टांचा न्याय मागणारंच स्तोत्र आहे. त्यांचं म्हणणं होतं की आपण स्वतः दोषी आहोत, म्हणून ही प्रार्थना आपली आपण करू शकत नाही. निर्दोष ख्रिस्तच ती करतो, आणि देवाचा क्रोध त्याने वधस्तंभावर स्वतःवर घेतला. आपण त्याच्या मागे उभे राहून ती म्हणायची, म्हणजे शत्रूचा पश्चात्तापही त्याच प्रार्थनेत मागायचा. रोजचं अबोला-भांडण, मंडळीच्या निवडणुकीतली हार, यांसाठी ही स्तोत्रं वापरणाऱ्यांना मी स्पष्ट थांबवतो.

आता मुलांचं. स्तोत्र 137 ची ती ओळ लहानांना नको, ती मोठ्या वर्गासाठी ठेवा. स्तोत्र 10 पासून सुरुवात करा, त्यात अनाथाची बाजू घेणारा देव आहे. मग विधवेचा दाखला सांगा. आणि वर्गातल्या एखाद्या मुलाने घरी कोण मारतं ते प्रार्थनेत सांगितलं, तर त्याला गप्प करू नका. वर्ग सुटल्यावर त्याच्याशी बोला, आणि पाळकांना त्याच दिवशी कळवा.