पाव किलो चुका

आमच्या घरात आजवर जमिनीला काही बांधून ठेवावं लागलं असेल, तर ते जनावर. गोऱ्हा, कालवड, फार तर एखादं मारकं बोकड. अंथरूण पळून जाईल आणि त्यालाही खुंटा लागेल, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

धाकटा पुण्याला असतो. त्याचं लग्न अमरावतीकडे जमत आलं होतं आणि मुलीकडची मंडळी मे महिन्यात ‘घर पाहायला’ येणार होती. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी बैठकीतली शहाबादी फरशी उखडून आम्ही चकचकीत टाईल्स बसवल्या. धाकट्याने फोनवरच बैठकीचा फोटो मागवला, पाहिला, आणि म्हणाला, “बाबा, खोली फार ओकीबोकी वाटते. गालिचा पाठवतो.”

गालिचा आला, पण दारव्ह्यापर्यंत. कुरिअरवाल्याच्या लेखी आमचं गाव नकाशात नाही. तिथून तो एसटीत घालून मी आणला. कंडक्टरने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सामानाचं तिकीट फाडलं. पाच फूट बाय आठ फूट, रंग मरून, कडेला वेलबुट्टी. अंथरला तेव्हा खोली खरंच भरल्यासारखी दिसली. सौ. म्हणाली, “छान आहे हो.” आई बंगईवर, म्हणजे बैठकीतल्या झोपाळ्यावर, बसून पाहत होती. ती म्हणाली, “एवढ्या उन्हाळ्यात जमिनीले कांबळं पांघरलं?”

पहिला बळी मी. फोन वाजला म्हणून झटक्यात वळलो, तर गालिचा दाराकडून टीव्हीकडे निघाला आणि जाताना मला सोबत घेऊन गेला. टीव्हीच्या टेबलाला धरून थांबलो. बंगईवरून आवाज आला, “कुठी चालला रे बाप्पा?”

दोष गालिच्याचा म्हणावा तर तसं नाही. जुनी शहाबादी फरशी खडबडीत होती, तिच्यावर सतरंजी गपगुमान पडून राहायची. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर प्रश्नच नव्हता. ही नवी टाईल भट्टीत अशी भाजलेली असते, की ती अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. वरून घासूनपुसून आरसा केलेला. त्यात आमच्याकडे मे महिन्यात वावटळी. दार कितीही लावा, धुळीचा थर आत येतोच. ही धूळ गालिच्याच्या पोटाखाली सायकलच्या छर्ऱ्यांसारखी काम करते. वर माणूस, खाली छर्रे.

तिसऱ्या दिवशी चारही कोपरे उठून उभे राहिले, वासरू कान टवकारतं तसे. कोणीतरी सांगितलं, उलटा गुंडाळून एक दिवस ठेवा. ठेवला. कोपरे बसले आणि मधलं पोट वर आलं.

मग धाकट्याने जाळी पाठवली. ही जाळी म्हणजे खरी चीज, हे आधीच सांगून टाकतो. रबरासारखी मऊ, भोकाभोकांची. गालिच्यापेक्षा चारही बाजूंनी इंचभर लहान कापायची, खाली अंथरायची, वर गालिचा टाकायचा. ना खिळा, ना गोंद. दोन दिवस गालिचा जागचा हलला नाही. मी मुद्दाम झटक्यात वळून पाहिलं, दोनदा. काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा टीव्हीपाशी पोचलो. गालिचा उचलून पाहतो तर जाळीला खिडक्या पडलेल्या. सौ.ला विचारलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “अहो, पोळपाट सरकायचा ना. आता पाहा.” पोळपाटाखाली जाळीचा गोल तुकडा. मिक्सरखाली चौकोनी. देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पाटाखाली एक, शिलाई मशीनच्या चारही पायांखाली चार. घरातली प्रत्येक वस्तू आता जागच्या जागी घट्ट होती, एक गालिचा सोडून. दुसरी जाळी मागवावी, तर यायला आठ दिवस, आणि पाहुणे सहा दिवसांवर.

तेव्हा मी मिस्त्रीला बोलावलं. ज्याने टाईल बसवली तोच. त्याने गालिच्याचा कोपरा अंगठ्याने दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

“गुरुजी, येले चुका माराव लागते.”

“किती?”

“पाव किलो आणून ठेवा.”

तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. इतक्या काळात पोरांच्या चुका काढल्या, त्याही फुकट. लाल शाईसुद्धा घरची. आता दारव्ह्याच्या दुकानात उभा राहून मी चुका विकत मागत होतो. दुकानदाराने बारीक खिळे तराजूत टाकून विचारलं, “अर्ध्या इंचाच्या देऊ की पाऊण?” चुका पाऊण इंचाच्याही असतात, हे माहीत असतं तर नववी ब च्या वह्यांना मी न्याय दिला असता.

मिस्त्रीने ड्रिल काढलं. त्याआधी एक वाक्य बोलला, जे त्याने पुढे कायम ढालीसारखं वापरलं: “टाईल फुटली त मले नोका म्हणू.” खोलीच्या मधोमध, गालिच्याच्या दाराकडच्या कोपऱ्यापाशी त्याने भोक पाडलं, त्यात लाकडाची खुंटी बसवली, चूक टेकवली आणि हातोडी मारली. ‘टक्’ असा आवाज आला. मग दुसरा आला, बारीक, लांबत जाणारा. टाईलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ गेली आणि तिथे थोडी फाटा फुटल्यासारखी झाली. चूक मात्र मधोमध ताठ उभी.

“म्या पयलेच सांगतलं होतं,” मिस्त्री म्हणाला. असली दुसरी टाईल? तो लॉट केव्हाच संपला होता.

इथून पुढे प्रकरण बदललं. आधी गालिचा हलतो म्हणून गुंडाळून ठेवता आला असता. आता तो तिथेच, त्या रेघेवरच राहायला हवा होता. चूक झाकायला गालिचा आणि गालिचा धरायला चुका, असा तिढा.

धाकट्याचा मित्र पुण्याहून यवतमाळला आला, त्याच्या हाती एक नवंच हत्यार आलं. चार फूट लांब, इंचभर रुंद लाकडी पट्टी, तिच्यावर तिरप्या टोकदार पिनांच्या ओळी. ही भिंतीच्या कडेने ठोकायची, पिनांची तोंडं भिंतीकडे. मग गालिचा ताणून त्या पिनांवर अडकवायचा, म्हणजे तो जितका ओढ खातो तितका जास्त रुततो. ताणायलाही एक यंत्र असतं. त्याचे दात गालिच्यात रोवायचे आणि मागच्या गादीवर गुडघ्याने लाथ हाणायची. तिकडे विलायतेत गालिचे बसवणाऱ्यांचे गुडघे याच लाथांपायी कामातून जातात. माझे आधीच गेलेले, तेव्हा ती भीती नव्हती. अडचण वेगळीच निघाली. ही पट्टी भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या गालिच्यासाठी. आमचा गालिचा भिंतीपासून चारही बाजूंनी दूर, खोलीत बेटासारखा. आणि ती ठोकायची कशात? पुन्हा टाईलमध्ये.

आईने पट्टी हातात घेतली, पिनांवरून बोट फिरवलं. “हे त कापूस विंचरायची फणी हाय,” म्हणाली, आणि बंगईवर नेऊन सरकी काढलेला कापूस तिच्यावर ओढायला लागली. त्या वातीला असा लांब, एकसारखा धागा सुटला की शेजारच्या दोघी पाहायला आल्या. पट्टी तिच्याकडेच राहिली.

मग दोन्ही बाजूंना गोंद असलेली टेप. पाकिटावर लिहिलं होतं, ‘मजबूत पकड’. चार कोपऱ्यांना चार तुकडे लावले. सकाळी आठ वाजता पकड खरोखरच मजबूत. दुपारी एकला बाहेर ४५ अंश, आणि आत कूलर बंद, कारण वीज गेलेली. गोंद पातळ झाला. गालिच्याने टेपचा हात सोडला, पण टेपने टाईलचा सोडला नाही. संध्याकाळी जमिनीवर चार चिकट चौकोन आणि गालिचा सोफ्याखाली.

धाकट्याने फोनवर शेवटचा सल्ला दिला, वेल्क्रो. बुटाला असतं ते, चर्रकन सुटणारं. त्याची कथा मला माहीत होती. एक स्वित्झर्लंडचा इंजिनिअर १९४१ मध्ये कुत्रा घेऊन रानात फिरायला गेला, कुत्र्याच्या केसांना आणि स्वतःच्या कपड्यांना काटेरी बोंडं चिकटली. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक आकडा. त्यावरून त्याने हा पट्टा बनवला आणि १९५५ मध्ये पेटंट घेतलं. आमच्या धुऱ्यावरून कुणीही चालत यावं, धोतराला गोखरू, आघाडा, कुसळं सगळं फुकट. माझे वडील आयुष्यभर तेच घेऊन घरी येत. त्यांना पेटंट मिळालं नाही, ओसरीवरच आईच्या शिव्या मिळत. शिवाय वेल्क्रोसुद्धा टाईलला चिकटवायचं गोंदानेच. मी फोन ठेवला.

पाहुण्यांच्या आदल्या रात्री मला आमच्या लहानपणीची लग्नं आठवली. मांडवातलं जाजम वाऱ्याने उडायचं, तेव्हा कोपऱ्यावर विटा ठेवत. विटा बैठकीत बऱ्या दिसल्या नसत्या. पण जाजमाच्या कडेला म्हातारी मंडळी बसली की विटांची गरज संपायची.

सकाळी जागा ठरवून दिल्या. दाराकडे डाव्या कोपऱ्यावर मोठे मामा, वजन ९० किलो. उजवीकडे काका. खिडकीशी मी. चौथ्या कोपऱ्यावर आई, पानाचा डबा घेऊन. पाहुणे सोफ्यावर, घरधनी खाली. दिसायला नम्रता, आतून वजन. मामांना मी तीनदा बजावलं, “काहीही झालं तरी जागेवरून उठायचं नाही.” मामा म्हणाले, “जेवायले बी नाही?”

साडेअकराला गाडी आली. पाहुण्यांना हातपाय धुवायला पाणी दिलं. मुलीचे वडील उपरण्याने तोंड पुसत छपरीतून आत आले, हात जोडून म्हणाले, “रामराम गुरुजी!”

आणि आम्ही चौघंही उठलो.

दारात व्याही उभा आहे आणि आपण खाली बसून ‘रामराम’ म्हणायचं, हे आमच्याकडे कुणाला जमणार आहे? मामा सर्वांत आधी उठले. आईसुद्धा काकांचा हात धरून उठली. चारी कोपरे मोकळे झाले, आणि त्याच क्षणी व्याह्यांनी पहिलं पाऊल टाकलं, ओलं आणि जोरदार. गालिचा निघाला. व्याही त्याच्यावर उभे, हात अजून जोडलेले, चेहऱ्यावर रामराम तसाच. गालिचा सोफ्याला जाऊन टेकला, व्याह्यांनी जागच्या जागी अर्धी गिरकी घेतली आणि ते सोफ्यात बसले. आम्ही ‘बसा’ म्हणायच्या आधी. नेमकं तेव्हाच सौ. पाण्याचा तांब्या घेऊन आली.

खोलीत कुणी बोलेना. गालिचा सरकला तिथे रेघ उघडी पडली होती आणि तिच्या मधोमध ती. व्याही वाकले, नीट पाहिलं.

“गुरुजी, ही चूक...?”

“माझीच,” मी म्हणालो. मिस्त्रीचं नाव घेण्यात अर्थ नव्हता.

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “यायले घरी बी असंच होते. आमच्या पोट्टीनं असाच आणला, तवापासून तीनदा पडले.”

“मग कसा बसवला?” हे आम्ही चौघांनी एकदम विचारलं. काकांचा आवाज सर्वांत मोठा.

“बसवला नाई,” व्याही म्हणाले. “पलंगाखाली हाय. तुम्ही याल तेव्हा काढणार होतो.”

त्या दिवशी पत्रिका, मानपान, हॉल यांची बोलणी दहा मिनिटांत उरकली. बाकी वेळ गालिचा. सौ.ने पोळपाट बैठकीत आणून दाखवला. विहीणबाईंनी तो ढकलून पाहिला, हलला नाही. त्यांनी जाळीचं नाव लिहून घेतलं. आईने फणी दाखवली. मामा सोफ्यावर बसले ते जेवायलाच उठले.

साक्षगंधाची तारीख ठरली. चुका अजून जवळजवळ पाव किलो शिल्लक आहेत, मांडवाला कामी येतील. गालिचा माळ्यावर आहे. जमिनीवरचे ते चार चिकट चौकोन मात्र जात नाहीत. रॉकेल झालं, लिंबू झालं. बंगईजवळच्या चौकोनावर आई पानाचा डबा ठेवते. बंगईच्या झोक्याने पूर्वी तो सरकायचा. आता उचलायचा तर तिला दोन्ही हात लावावे लागतात.