अडकू द्या की हो!

रविवार सकाळ. भाचा लॅपटॉपवर २०१३ चा टूम रेडर हा व्हिडिओ गेम लावून बसलेला. त्याची नायिका लारा एका गुहेत अडकली. पोह्यांची फोडणी तडतडायच्या आत साहेबांनी एक बटण दाबलं, सगळी गुहा करडी झाली आणि जे हवं होतं तेवढंच पिवळंधमक चमकायला लागलं. संपलं कोडं.

वर मलाच म्हणतो, "मामा, जुने भाग बोअर होते. फॉर्म्युला बदलायलाच हवा होता."

बदला ना! बंदुका बदला, बेट बदला, लाराचे कपडे बदला. पण अडकणंच काढून टाकलंत तर उरलं काय? सहल?

१९९६ चा पहिला भाग आम्ही २००० साली खेळलो, नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत, दादाच्या असेंबल्ड कॉम्प्युटरवर. मिडास राजाच्या महालात आठ दिवस अडकलो होतो. जवळ शिशाच्या विटा, समोर फुटक्या पुतळ्याचा भलामोठा पंजा जमिनीवर पडलेला. त्यावर चढलं की लारा सोन्याची होऊन मरायची. तिला दोनतीनदा मुद्दाम मारलं, खोटं कशाला बोलू. गुरुवारी लाइट गेली तरी आम्ही वहीत नकाशा काढतोय.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले. त्यांना माउस धरता येत नाही. डबा ओट्यावर ठेवला, मागे उभे राहिले आणि म्हणाले, "हात लागेल त्याचं सोनं होतं ना? मग त्या बाईला कशाला चढवताय? वीट ठेवा की."

आम्ही दोघं गप्प.

आठ दिवस नसते गेले तर बाबांचं ते वाक्य मिळालं असतं का? त्या बटणानं पंजा चमकवला असता आणि बाबा नुसते हातपाय धुऊन जेवायला बसले असते. चीड येते ती याची.

बरं, जुन्यात उडी मारायची म्हणजे छळ होता. चौकोन मोजा, एक उडी मागे घ्या, मग पळा. मान्य. २०१८ च्या भागात कोड्यांची काठिण्यपातळी वेगळी लावता येते, तेही मान्य. २०१३ चा मीही रात्री जागून संपवला. पण जुन्या दुसऱ्या भागात लाराच्या घरातल्या त्या म्हाताऱ्या बटलरला फ्रीजरमध्ये कोंडायला कुणी सांगितलं होतं? बाण नव्हता, बक्षीस नव्हतं. तरी तुम्ही सगळ्यांनी कोंडलाय. नाही म्हणू नका!

असो. दुपारी भाच्याला पहिल्या तीन भागांची २०२४ ची नवी आवृत्ती लावून दिली, माझा मिडासचा सेव्ह उघडून. चाळीस मिनिटं झाली. लारा दोनदा सोन्याची झालीये. बाबा आता ८० चे, शेजारी खुर्चीत पेपर घेऊन. पेपर मगाशीच मांडीवर आलाय.

"आजोबा, तुम्हाला माहितीये ना? सांगा ना!"

बाबांनी चष्मा पुसला. "मला नाही बुवा त्या कॉम्प्युटरमधलं काही कळत."