आधी सांग, सिनेमा कुणाचा?

गेल्या महिन्यात सांगलीचा भाचा दोन दिवस पुण्यात आमच्याकडे होता. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून एक उद्योग करतात. एखादा भयाण जुना मराठी सिनेमा लावायचा, समोर बसून शेरे मारायचे, ते रेकॉर्ड करायचं आणि मित्रमंडळींना पाठवायचं. एक नमुना मला ऐकवला. खलनायक बंगल्यात शिरतो आणि पुढचा दीड मिनिट नुसता जिना चढतो. पार्श्वसंगीत थरारक. चौघंही गप्प. मग एकजण अगदी शांतपणे म्हणतो, "बहुतेक सोसायटीचा मेंटेनन्स थकलाय, लिफ्ट बंद केलीय याची." माझा चहा सांडला.

रात्री जेवताना त्याने हळूच विचारलं, "मामा, हे टीव्हीवर कुणी घेईल का रे?"

सगळे मामा म्हणतात तसं मीही "बघू" म्हणालो. पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे बरीच वर्षं पडून आहे, कारण अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेलाय आणि मी तो जरा वेड्यासारखा पाहिलाय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

शेरेबाजी आपल्याला कुणी शिकवायला नको. एक पडदा थिएटरात पुढच्या रांगांत बसून सिनेमा पाहिलेल्या माणसाला ती अंगातच असते. नायिका देवापुढे हंबरडा फोडतेय आणि अंधारातून कुणीतरी "ताई, आरती सात वाजता असते" म्हणतं, त्यावर अख्खं थिएटर हसतं आणि तो कोण होता हे कुणालाच कळत नाही. अमेरिकेतल्या लोकांनी एवढंच केलं की त्या अंधारातल्या माणसाला उजेडात आणलं आणि त्याला लिहून सराव करायला लावला.

२४ नोव्हेंबर १९८८, थँक्सगिव्हिंगचा दिवस. मिनियापोलिसमधल्या केटीएमए नावाच्या एका छोट्या स्थानिक चॅनेलवर 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू झालं. जोएल हॉजसन हा तिथलाच विनोदी कलाकार. कल्पना अशी की एका माणसाला वेड्या शास्त्रज्ञांनी अंतराळात अडकवलंय आणि त्याला भिकार सिनेमे पाहायला लावतायत. सोबतीला त्याने स्वतः बनवलेले रोबो. पडद्याच्या तळाशी खुर्च्यांच्या आणि या तिघांच्या काळ्या सावल्या, वर सिनेमा. रोबो म्हणजे निव्वळ घरातली अडगळ: एकाची चोच बोलिंगच्या पिनची आणि डोळे पिंगपाँगच्या चेंडूंचे, दुसऱ्याचं डोकं म्हणजे चिंगम-गोळ्या काढायचं खेळण्यातलं मशीन.

आता नीट बघा. त्या चॅनेलने हे का घेतलं? विनोद चांगला होता म्हणून? असेलही. पण चॅनेलच्या कपाटात जुन्या सिनेमांचा गठ्ठा आधीच होता. दाखवायचा हक्क हातात होता, नुसते दाखवून फारसं कुणी बघत नव्हतं. या पोरांनी त्याच गठ्ठ्यातून सिनेमे उचलले. चॅनेलला नव्या सिनेमाचा खर्च नाही आणि दोन तास भरून निघाले.

१९८९ च्या नोव्हेंबरमध्ये हा कार्यक्रम नव्या कोऱ्या 'कॉमेडी चॅनेल'वर गेला. हेच चॅनेल १९९१ मध्ये दुसऱ्या एका चॅनेलमध्ये विलीन होऊन पुढे 'कॉमेडी सेंट्रल' झालं. नवं चॅनेल म्हणजे चोवीस तासांचं रिकामं पोट. तिथे दोन-दोन तासांचा एक एपिसोड म्हणजे मेजवानीच. १९९१ च्या थँक्सगिव्हिंगला तर त्यांनी हा कार्यक्रम सलग ३० तास चालवला! पीबॉडीसारखा मानाचा पुरस्कार मिळाला. मग चॅनेल बाळसेदार झालं, स्वतःचे चेहरे तयार झाले, आणि दोन तास खाणारा हा जुना पाहुणा जड वाटायला लागला. १९९६ मध्ये नारळ.

नंतर साय-फाय चॅनेलने घेतला, १९९७ ते १९९९. त्या पहिल्या हंगामात सिनेमे कुठले होते ते पाहिलं तर गंमत कळते. ओळीने युनिव्हर्सल स्टुडिओच्या जुन्या भूतखेतांच्या आणि राक्षसांच्या पटांची रांग लागली होती, आणि चॅनेलचं नातं युनिव्हर्सलशीच होतं. १९९६ मध्ये हाच कार्यक्रम मोठ्या पडद्यावर आला तेव्हा टवाळीसाठी निवडलेला १९५५ चा सिनेमाही युनिव्हर्सलचाच. दरवेळी तेच. ज्याच्या कपाटात सिनेमे, त्याच्या दारात हा कार्यक्रम.

कपाट दुसऱ्याचं असलं की काय होतं तेही या लोकांनी भोगलंय. २००६ मध्ये जुन्या एपिसोडचा डीव्हीडी संच बाजारात आला, त्यात गॉडझिलाचा एक सिनेमा होता. हक्कांची भानगड निघाली, संच मागे घ्यावा लागला आणि त्या एपिसोडच्या जागी एका अवाढव्य सरड्याच्या सिनेमाचा एपिसोड घालून नवा संच काढला. विनोद तेच, माणसं तीच, वर्षानुवर्षं टीव्हीवर दिसलेला एपिसोड. पण खाली चालणारा सिनेमा परक्याचा, त्यामुळे वरचं सगळं त्याच्याबरोबर बुडालं.

त्याच कार्यक्रमातल्या माइक नेल्सनने २००६ मध्येच 'रिफट्रॅक्स' काढलं आणि जुने सोबती केविन मर्फी आणि बिल कॉर्बेट त्याला येऊन मिळाले. यांची अक्कल मला फार आवडते. त्यांनी सिनेमा विकलाच नाही. फक्त स्वतःचा आवाज विकला. तीन-चार डॉलर द्या, एमपीथ्री घ्या, सिनेमाची डीव्हीडी तुमची तुम्ही आणा आणि दोन्ही एकदम सुरू करा. शेरे आमचे, सिनेमा तुमचा. स्टुडिओला विचारायचा प्रश्नच नाही. त्यामुळे टीव्हीने ज्या महागड्या ताज्या सिनेमांना हात लावायची हिंमत केली नसती, त्यांच्यावरही यांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं.

मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी न्यू जर्सीत होतो. आम्ही तिघे मराठी पोरगे एका फ्लॅटमध्ये. शनिवारी रात्री एकाच्या हातात डीव्हीडीचा रिमोट, दुसऱ्याचं बोट लॅपटॉपवर, आणि ट्रॅकमध्ये सांगितलेल्या क्षणाला "एक, दोन, तीन". मध्येमध्ये एक यांत्रिक आवाज सिनेमातलं वाक्य पडद्यावरच्या पात्राबरोबर बोलतो, जुळलंय की नाही ते तपासायला. सगळं जुळायचं. मग कुणीतरी कुकर बंद करायला उठायचा, एकजण सिनेमा थांबवायचा आणि दुसरा आवाज थांबवायला विसरायचा. त्यानंतरचा तासभर शेरा आधी आणि दृश्य मागून. माणूस पडायच्या आधीच आम्ही हसतोय. सांगायचा मुद्दा, या धंद्यात हक्कांची अडचण सुटते ती बघणाऱ्याच्या हातात दोन रिमोट देऊन. टीव्हीवर हे चालत नाही. टीव्हीला सगळं शिजवून ताटात वाढावं लागतं.

ऑगस्ट २००९ मध्ये या तिघांनी नॅशव्हिलच्या एका थिएटरात प्रयोग केला आणि तो देशभरच्या सिनेमागृहांत थेट दाखवला. आम्ही गेलो होतो. अनोळखी माणसांनी भरलेलं थिएटर, आणि पडद्यावर एक उडती तबकडी दोरीला लटकून झुलतेय. मला सांगलीच आठवली. फरक इतकाच की इथे शेरा मारणाऱ्यासाठी लोकांनी तिकीट काढलं होतं.

मग रिफट्रॅक्सला टीव्ही मिळाला का? मिळाला की. १ एप्रिल २०१४ ला, एप्रिल फूलच्या दिवशी. आणि चॅनेल कुठलं? नॅशनल जिऑग्राफिक! कार्यक्रम कशावर? नॅशनल जिऑग्राफिकच्याच प्राण्यांच्या कार्यक्रमांवर. म्हणजे माल चॅनेलचा, टवाळी चॅनेलच्या मालाची, बाहेरच्या कुणाला एक पैसा द्यायला नको. भाच्याला मी हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळ घेऊन सांगितली. आठ वर्षं स्वतंत्रपणे, नावाजलेलं काम करणाऱ्या माणसांसाठी टीव्हीचं दार उघडलं ते सिनेमाचा प्रश्नच नव्हता अशा जागी.

तिकडे हॉजसनने वेगळी वाट धरली. तो १९९३ मध्येच स्वतःच्या कार्यक्रमातून बाहेर पडला होता. २०१५ मध्ये शाउट फॅक्टरी या कंपनीबरोबर त्याने आपल्याच कल्पनेचे हक्क विकत घेतले. (स्वतःच्या पोराला पैसे मोजून घरी आणण्यासारखं. रिफट्रॅक्समधल्या मर्फी आणि कॉर्बेट यांनी त्या दोन रोबोंना वर्षानुवर्षं आवाज दिला, पण रिफट्रॅक्स सुरू झालं तेव्हा रोबो काही त्यांच्याबरोबर आले नाहीत. पोरांनो, नाव आणि पात्रं पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर ठेवा. चॅनेलच्या करारावर सही करताना पेन सगळ्यात जास्त तिथे थरथरलं पाहिजे.) मग किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर हाक दिली आणि ४८ हजारांवर लोकांनी ५७ लाख डॉलरपेक्षा जास्त दिले. त्यानंतर नेटफ्लिक्स आलं: २०१७ मध्ये १४ एपिसोड, २०१८ मध्ये सहा, २०१९ मध्ये बंद. २०२१ मध्ये पुन्हा लोकवर्गणी, यावेळी स्वतःचाच ऑनलाइन मंच. २०२३ मध्ये पुन्हा झोळी पसरली, तेव्हा ती भरली नाही.

क्रम लक्षात घ्या. आधी लोकांनी पैसे दिले, मग मोठं दुकान आलं, आणि दोन वर्षांत दुकानाने पाठ फिरवली. लोक मात्र परत आले, निदान एकदा तरी.

आता कुणीतरी कॉमेंटमध्ये 'फेअर यूज' म्हणेलच, म्हणून आधीच बोलतो. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, टीका आणि समीक्षेसाठी कृतीचा उचित वापर करता येतो. यूट्यूबवर सिनेमाचे तुकडे दाखवून धुलाई करणारे त्याच आधारावर उभे असतात, तेही जीव मुठीत धरून. पण सिनेमा पाटीपासून पाटीपर्यंत अख्खा चालवायचा आणि वर शेरे मारायचे, याला समीक्षा म्हणायला चॅनेलचा वकील तयार होणार नाही. त्याला कागद हवा. चॅनेलने सिनेमा दाखवायचे हक्क घेतलेले असले तरी त्यात कुणाच्या तरी आवाजाखाली तो झाकायचा हक्क असेलच असं नाही. 'साठ वर्षं झाली की सिनेमा मोकळा' हेही अर्धंच खरं. सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, पण कथा आणि गाणी लिहिणाऱ्यांची साठ वर्षं त्यांच्या मृत्यूनंतर मोजायला लागतात. आणि आपले सिनेमे म्हणजे दर दहा मिनिटांनी गाणं.

यूट्यूबवरचं उदाहरण बघायचं तर कनन गिल आणि बिस्वा कल्याण रथ यांचं. दोघांनी हिंदी सिनेमांची पिसं काढून नाव कमावलं. पुढे मोठ्या कंपन्यांनी त्यांना घेतलं, पण स्टँडअप करायला. माणसांना करार मिळाला, सिनेमाची पिसं काढायचा उद्योग यूट्यूबवरच राहिला. हेही भाच्याने डोक्यात ठेवावं.

'आपल्याकडे टीव्हीवर सिनेमांची थट्टा होतेच की' असं बायको म्हणाली. होते. 'चला हवा येऊ द्या'मध्ये वर्षानुवर्षं झाली आणि मी ती आवडीने पाहिली. पण तिथे ज्या सिनेमाची गंमत, त्याची अख्खी टीम समोर सोफ्यावर बसून टाळ्या वाजवत असते, कारण शुक्रवारी सिनेमा लागणार असतो. ती लग्नातल्या विहिणींची उखाळीपाखाळी आहे. भाच्याचं काम म्हणजे मांडवात शिरलेल्या आगंतुकाने जेवणाला नावं ठेवणं. शिवाय एकाच घराण्याचं चॅनेल आणि त्याच घराण्याची सिनेमा काढणारी कंपनी, असा आपला मामला. स्वतःच्या ताज्या सिनेमाला कोण नावं ठेवू देईल?

म्हणून माझं मत असं. करार मिळू शकतो, पण चार पोरं किती विनोदी आहेत यावर तो ठरणार नाही. जुन्या सिनेमांचं कपाट ज्याच्याकडे धूळ खात पडलंय, त्याच्याकडे जायचं. निर्मात्याचा नातू असेल, जुनी कॅटलॉग विकत घेऊन बसलेली एखादी कंपनी असेल. 'तुमचा पडून असलेला माल आम्ही पुन्हा बघायला लावतो' एवढंच म्हणायचं. हे थापा मारणं नाही. १९६६ मध्ये टेक्सासच्या एल पासोमध्ये खत विकणाऱ्या एका माणसाने पैजेखातर 'मॅनॉस' नावाचा सिनेमा काढला होता. तो जगातून पुसला गेला असता. १९९३ मध्ये हॉजसनच्या टोळीने त्याची लक्तरं काढली आणि आज तो पुनरुज्जीवित होऊन ब्लू-रेवर मिळतो. आपल्याकडच्या कितीतरी बऱ्या सिनेमांच्या नशिबी तेवढंही नाही.

आणि खरं सांगू? टीव्ही मिळाला तर माझा जीव थोडा खालीवरच होईल. तो दीड मिनिटाचा जिना आधी कापला जाईल. चॅनेलवाले म्हणतील, इथे काही घडत नाहीये. पण शेरा फुलतो तो काही घडत नसताना. नॅशनल जिऑग्राफिकवरचा कार्यक्रम मला म्हणूनच फिका वाटला: प्राणी आला, शेरा आला, पुढचा प्राणी. कंटाळा मुरायला वेळच नाही.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. "बरं" म्हणाला आणि गायब झाला. परवा रात्री त्याचा मेसेज आला:

"मामा, तीन सिनेमे शोधून काढले. एकाचा मालकच सापडत नाही. दुसऱ्याचे दोन मालक आहेत आणि कोर्टात भांडतायत. तिसऱ्याचे मालक, एक आजोबा, भेटले, इस्लामपूरला. दोन तास बसलो, चहा-पोहे झाले. मग विचारतात, सगळं ठीक आहे, पण आमच्या सिनेमात हसण्यासारखं आहे काय?"