आत्ता सांगतोयस?

मंगळवारची संध्याकाळ होती आणि गुरुवारी सकाळी माल निघायचा होता. आमच्या कारखान्याच्या क्वालिटी विभागातला एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, दोन मिनिटं आहेत का?" मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "बोल." एका लॉटमध्ये बोअरचं, म्हणजे पार्टमधल्या भोकाचं माप टॉलरन्सच्या, म्हणजे चालण्याजोग्या फरकाच्या बाहेर जातंय, सगळे नग पुन्हा मोजावे लागतील, गुरुवारी डिस्पॅच होईल असं वाटत नाही, असं त्याने सांगितलं.

मी म्हणाले, "आत्ता सांगतोयस?"

आजूबाजूला चार माणसं होती. माझा आवाज चढलेला नव्हता. शिवी नाही, धमकी नाही, दोनच शब्द.

तो माल दोन दिवस उशिरा गेला. कस्टमर कुरकुरला, मी फोन करून समजूत घातली, विषय मिटला. पुढे दोन महिन्यांनी दुसऱ्या एका पार्टमध्ये तसाच प्रॉब्लेम आला. याच मुलाच्या तो पहिल्या दिवशीच लक्षात आला होता, पण या वेळी तो माझ्याकडे आला नाही. सहा दिवस एकटाच झटत राहिला. टूल बदलून पाहिलं, सेटिंग बदलून पाहिलं, ऑपरेटरची मनधरणी करून जादा वेळ थांबवलं. माझ्या कानावर आलं तेव्हा रीवर्क, म्हणजे नग दुरुस्त करायलाही वेळ उरला नव्हता. केबिनमध्ये बोलावून विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "मॅडम, म्हटलं आधी नीट करावं आणि मगच तुम्हाला सांगावं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कामचुकार नव्हता तो, खोटारडा तर अजिबात नव्हता. त्याने साधा हिशेब केला होता. सांगितलं तर आज चारचौघांत बोलणी नक्की, नाही सांगितलं तर कदाचित निभावून जाईल. हा हिशेब त्याला मीच शिकवला होता. दुसऱ्या दिवशी मी आधीच्या लॉटचं रजिस्टर काढून पाहिलं. त्या मंगळवारी टॉलरन्सबाहेरचा पहिला नग त्याला दुपारी तीनला सापडला होता आणि पाच वाजता तो माझ्यासमोर उभा होता. मी ज्याला "आत्ता" म्हणाले होते, तो उशीर दोन तासांचा होता, आणि तेही त्याने खात्री करून घेण्यात घालवले होते.

वाईट बातमी वेळेवर आणि स्पष्टपणे वर पोचली नाही तर काय होतं, हे माणसांना फार महागात पडून कळलेलं आहे. २८ डिसेंबर १९७८ला युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान अमेरिकेत पोर्टलंडला उतरणार होतं. विमानात १८९ माणसं होती. चाकं नीट खाली येऊन पक्की बसली आहेत की नाहीत याची शंका आली, म्हणून कॅप्टन विमानतळाजवळच घिरट्या घालत तयारी करत राहिला. साधारण तासाभराने इंधन संपलं आणि विमान वस्तीत कोसळलं. १० माणसं गेली. कॉकपिटमधल्या इतर दोघांना इंधन कमी होतंय हे दिसत होतं. ते बोललेही होते, पण आडून, आकडा सांगून, सुचवल्यासारखं. "आत्ताच्या आत्ता उतरायला हवं" असं कुणी ठणकावून म्हणालं नाही, आणि अनुभवी कॅप्टनचं सगळं लक्ष चाकांवर होतं.

चौकशी अहवालातली शिफारस मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: हाताखालच्यांना ठामपणे बोलायचं शिकवा, आणि कॅप्टनना सगळ्यांना सोबत घेऊन निर्णय करायचं शिकवा. पुढे १९७९मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली, १९८१मध्ये युनायटेडनेच आपल्या वैमानिकांसाठी तसं प्रशिक्षण सुरू केलं, आणि हळूहळू ते जगभरच्या विमान कंपन्यांत रुळलं.

आपल्या कंपन्यांनी यातला पहिला अर्धाच भाग उचलला असं माझं स्पष्ट मत आहे. "मोकळेपणाने बोला", "माझं दार सदैव उघडं आहे", भिंतीवर पोस्टर, वर्षातून एकदा ट्रेनिंग. सगळा उपदेश बोलणाऱ्याला. ऐकणाऱ्याचं ट्रेनिंग कोण घेतं? ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याच्यासमोर जाऊन वाईट बातमी सांगायचं धाडस पंचविशीतल्या पोराने करायचं, आणि पंचेचाळिशीतल्या साहेबाने कपाळाला आठी घालायची मोकळीक ठेवायची, हे वाटप मला अन्यायाचं वाटतं. धाडसाची गरजच पडू नये, अशी व्यवस्था करणं हे साहेबाचं काम आहे.

अॅलन मुलाली २००६मध्ये फोर्डचे प्रमुख झाले. त्या वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. त्यांनी दर आठवड्याला वरिष्ठांची बैठक सुरू केली आणि प्रत्येकाने आपल्या कामाचा तक्ता रंगवून आणायचा असं ठरवलं. ठीक असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. सुरुवातीला सगळे तक्ते हिरवेगार! कंपनी अब्जावधी गमावतेय आणि एकाच्याही खात्यात काही अडलेलं नाही. शेवटी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या तक्त्यावर लाल रंग आणला. खोलीत शांतता. आता याची नोकरी गेली, असंच बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि याला कोण मदत करू शकेल असं विचारलं. पुढच्या काही आठवड्यांत इतरांचेही तक्ते खऱ्या रंगात यायला लागले. २०१४मध्ये मुलालींनंतर फोर्डचे प्रमुख झाले ते हेच फील्ड्स.

मला त्या टाळ्यांपेक्षा तो प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. वाईट बातमी आणणारा माणूस ओझं घेऊन आलेला असतो. "बरं झालं सांगितलंस" म्हणून त्याला तसंच परत पाठवलं, तर तो ते घेऊनच जातो. "तुला माझ्याकडून काय हवंय?" असं विचारलं की निम्मं ओझं टेबलावर उतरतं. एक जादा माणूस, दोन दिवसांची मुदत, कस्टमरला फोन. बहुतेक वेळा मागणं एवढंच असतं, आणि ते देणं आपल्या हातात असतं.

मी स्वतःच्या बोलण्यातले शब्द तपासायला लागले तेव्हा मराठीनेच मला खूप शिकवलं. "का केलंस?" आणि "कसं झालं?" हे दोन प्रश्न घ्या. पहिला माणसाच्या अंगावर येतो आणि समोरचा लगेच बचावाला उभा राहतो. दुसरा घटनेकडे बघतो. "कसं झालं?" विचारल्यावर माणसं पहिल्यापासून सांगायला लागतात, आणि सांगता सांगता खरी चूक कुठे आहे ते त्यांनाच सापडतं. दुसरा शब्द "आपण". साहेब म्हणतो, "हे आपण शुक्रवारपर्यंत करूया", आणि सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं की त्या "आपण"मध्ये साहेब नाही. मी आता तो शब्द, माझाही हात लागणार असेल तरच वापरते. नसेल तर सरळ म्हणते, "हे तू कर, अडलं तर मला सांग." तिसरा शब्द "होऊन जाईल". तो ऐकला की मी थांबते. तो बहुधा भीतीतून आलेला असतो, आणि त्याच्यामागे काय आहे ते शांतपणे विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

यावर "मग काय, चुकांबद्दल कुणाला बोलायचंच नाही का?" असं हमखास विचारलं जातं. बोलायचं, आणि स्पष्ट बोलायचं. गोड बोलण्याची बाजू मी घेत नाहीये. आधी थोडी स्तुती, मध्ये चूक, शेवटी पुन्हा स्तुती, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. चार-सहा महिन्यांत माणसं स्तुती ऐकली की सावरून बसायला लागतात, आणि मनापासून केलेलं कौतुकही वाया जातं. चूक त्याच दिवशी सांगावी, एकट्याला सांगावी, कामाबद्दल सांगावी, आणि तेवढीच सांगावी. मागच्या वर्षीचं उकरून काढू नये. पण हे सगळं आग विझल्यावर. आग लागल्याचं सांगायला आलेल्या माणसाला दारातच "लागलीच कशी?" विचारलं, तर पुढच्या वेळी धूर दिसेपर्यंत कुणी येणार नाही.

हे जमायला मला तीन वर्षं लागली. अजूनही डिस्पॅचच्या आदल्या दिवशी कुणी "मॅडम, दोन मिनिटं" म्हणालं की ते दोन शब्द जिभेवर येतात. ते गिळायला एक श्वास लागतो. तेवढा मी घेते, स्क्रीन बंद करते, खुर्ची वळवते.

तो मुलगा अजून आमच्याकडेच आहे. मध्यंतरी एकदा सकाळी सातला त्याचा फोन आला. "मॅडम, खात्री नाही अजून, पण काहीतरी चुकतंय असं वाटतंय. मशीन थांबवू का?" मी म्हटलं, थांबव. दोन तास मशीन बंद होतं. सगळं तपासलं, नग नीट निघाले, माप घ्यायचा गेजच खराब झाला होता. तो ओशाळून सांगायला आला. मी म्हणाले, "बरं झालं थांबवलंस. दुसरा गेज मागवला का?"