लिंकर म्हणजे दोरा नव्हे

भाचीने परवा रात्री एक फॉरवर्ड पाठवला, खाली एकच ओळ: "मामा, प्रोजेक्टला हेच करू ना?" त्यातले दावे असे. प्रोटॅक म्हणजे पेशीतलं नको असलेलं प्रथिन नष्ट करवणारा दोन टोकांचा रेणू; त्यातला पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) लिंकर, म्हणजे दोन टोकं जोडणारी साखळी, हा नुसता दोरा, जितका लांब तितका बरा. टोकाला अल्काइन (कार्बन-कार्बन तिहेरी बंधाचा गट) असलं की पेशीत तो आपोआप 'क्लिक' होतो, म्हणजे दुसऱ्या रेणूला झटकन जोडला जातो. पीईजी पाण्यात विरघळतो, म्हणून औषध गोळीतून देता येतं. आणि डोस वाढवाल तितकं प्रथिन जास्त नष्ट होतं. पोरगी रसायनं मागवायलाच निघाली होती.

आधी तो दोरा. प्रोटॅक एका टोकाने नको असलेलं प्रथिन धरतो, दुसऱ्याने ई३ लायगेज, म्हणजे प्रथिनांवर खूण चढवणारं एन्झाइम. मग प्रथिनावर युबिक्विटिनची खूण चढते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं कापणारं यंत्र, त्याचा फडशा पाडतो. पण दोघांना नुसतं एका दोरीला बांधून भागत नाही. २०१७ साली डंडी विद्यापीठातल्या अलेसिओ चुल्ली यांच्या गटाने एमझी१ या प्रोटॅकची स्फटिकरचना छापली, ती बघा. त्यातला तीन एथॉक्सी एककांचा लिंकर ताणलेला नाही, दुमडलेला आहे, आणि बीआरडी४ (नष्ट करायचं प्रथिन) व व्हीएचएल (ई३ लायगेजचा भाग) ही प्रथिनं एकमेकांना थेट भिडलेली आहेत. एमझी१चं प्रथिन धरणारं टोक, जेक्यू१, बीआरडी२, ३ आणि ४ या भावंड प्रथिनांना जवळपास सारखंच चिकटतं, तरी आधी जातं ते बीआरडी४. एमझी२ या जुळ्या रेणूच्या लिंकरमध्ये फक्त एक एकक जास्त, म्हणजे दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन, आणि तेवढ्याने प्रथिन, प्रोटॅक आणि लायगेज या त्रिकुटाची पकड ढिली पडते. कुठे गेलं 'लांब तितका बरा'?

आता क्लिक. टोकाचं साधं अल्काइन ज्याच्याशी जोडायचं त्या अझाइडसमोर (तीन नायट्रोजनचा गट) आपणहून ढिम्म हलत नाही, त्याला तांबं लागतं. कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात सोडियम अस्कॉर्बेट घातलं की निळाई उतरून पिवळट झाक येते, तेव्हा कुठे कामाचं तांबं तयार होतं. हे सगळं फ्लास्कमध्ये, पेशीला ते मानवत नाही. फ्लास्कमधून निघालेलं नीट धुतलं नाही तर पेशी तांब्याने मरतात आणि आपण प्रोटॅकची पाठ थोपटत बसतो. शिवाय क्लिक झालं की अल्काइन उरतच नाही, त्याचं ट्रायअझोल, म्हणजे जोडणीतून तयार झालेलं पक्कं वलय, झालेलं असतं. पेशीत मग क्लिक व्हायचं कशाने? हां, पेशीच्या आत जोडलेले प्रोटॅक लोकांनी केलेत, पण ते टेट्राझिन नावाचा, तांबं न लागणारा गट वापरून. ते रसायन वेगळं.

पीईजीने विद्राव्यता सुधारते, वेगवेगळ्या लांबीचे लिंकर पटापट बनवता येतात, एवढं मान्य. पण यकृतातली एन्झाइम्स या इथर साखळीला सहज कुरतडतात. तोंडाने घ्यायच्या बॅवडेगॅल्युटामाइड आणि वेपडेजेस्ट्रँट या प्रोटॅकमध्ये पीईजी नाही, पायपरिडीन-पायपरॅझीनची ताठ वलयं आहेत.

डोसचं तर उलटंच. रेणू फार झाले की काही नुसत्या प्रथिनावर बसतात, काही नुसत्या लायगेजवर, आणि पूल बांधलाच जात नाही. याला हुक इफेक्ट म्हणतात.

भाचीला सांगितलंय, दोन, तीन आणि चार एककांचे असे तिन्ही लिंकर मागव. कॅटलॉगमधल्या नावावर जाऊ नकोस, चित्रातली एककं बोटाने मोज.