आईंचं खातं खोटं नाही, दादा

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण राग आला होता, म्हणून फोन उपडा ठेवून झोपले. आज भाकऱ्यांचा दिवस नाही, हात मोकळे आहेत, तर सविस्तर लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी सोलापुरात घरी शेंगा चटणी आणि भाकऱ्या करते, इन्स्टाग्रामच्या पेजवरून विकते. पेजचे खोटे फॉलोअर कसे ओळखायचे त्यावर मी लिहिलं होतं की ज्या खात्याला फोटो नाही, एकही पोस्ट नाही आणि नावात आकडेच आकडे आहेत, ते खोटं समजा आणि काढून टाका. त्यावर दादांनी विचारलंय, "माझ्या आईचं खातं अगदी असंच आहे. मग माझी आई खोटी का? आणि तुमचं ठीक आहे ताई, तुमची चटणी खपते. काल धंदा सुरू केलेल्या पोरानं रिकामं पेज दाखवून गिऱ्हाईक कुठून आणायचं? हजार-दोन हजार फॉलोअर विकत घेतले तर बिघडलं कुठं? दुकानाच्या उद्घाटनाला आपण पाहुणे बोलावून गर्दी करतोच की."

आईंच्या बाबतीत तुमचं बरोबर, माझं चुकलं. विकतच्या फॉलोअरांवरून मात्र मी भांडणार आहे.

चुकलं ते आधी सांगते. अशोक चौकाच्या मागं एक अक्का राहतात. तेलुगू घर, मालक यंत्रमागावर, स्वतः विड्या वळायच्या. फोन भाच्यानं सुरू करून दिला, खातंही त्यानंच काढलं. नावातले आकडे म्हणजे त्याच्या गाडीचा नंबर, हे मला नंतर कळलं. फोटो नाही, पोस्ट शून्य, तीसेक खात्यांना फॉलो करायच्या, त्यातली निम्मी देवाची आणि एक मी. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या जळमटांबरोबर मी दोनेकशे फॉलोअर पण झाडून काढले. त्यात अक्का गेल्या. इन्स्टाग्रामवर आपण कुणाला काढलं तर त्याला तसं कळवलं जात नाही. त्यामुळं त्यांना वाटलं, हिचा धंदाच बसला. दीड महिन्यानं भाजीला गेले तर समोर उभ्या. "मोबाईलमध्ये येईनासच की तू. बंद केलीस का काय?" मी म्हटलं, नाही ओ अक्का. तर म्हणाल्या, "मग मी कशाला दुसरीकडून आणली चटणी? बरी होती, लसूण कमी होता."

ही बाई माझी प्रत्येक रील शेवटपर्यंत बघायची आणि भिवंडीच्या बहिणीला पाठवायची. आणि मी तिला खोटी ठरवली, का तर तिला डीपी लावता येत नाही. सोलापुरात अशा हजारो बायका असतील. म्हणजे मी लिहिलेली ती खूण माझ्याच गिऱ्हाइकांवर उलटणारी होती.

आणि उलट बाजू बघा. ज्याला फोटो, नाव, गाव सगळं आहे ते खरं असतंच असं कुठं आहे? २०१८ च्या जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'नं अमेरिकेतल्या देवूमी नावाच्या फॉलोअर विकणाऱ्या कंपनीचं बिंग फोडलं. निदान ५५ हजार खोट्या खात्यांवर खऱ्या माणसांची नावं, फोटो, गावं चोरून लावलेली निघाली. शाळकरी मुलांची सुद्धा. पुढं २०१९ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगानं कंपनीच्या मालकावर २५ लाख डॉलरचा आदेश काढला. म्हणजे खोटी खाती अक्कांपेक्षा चांगली नटलेली होती.

मग बघायचं काय? मी आता खात्याचं तोंड बघत नाही, वागणूक बघते. सासरे गेले तेव्हा मी पेजवर दोन ओळी टाकल्या होत्या, की मामंजी वारले, तेरा दिवस ऑर्डर घेणार नाही. पाचव्या मिनिटाला खाली आलं, "ऑसम ताई", सोबत आगीची तीन चित्रं. मग "सुपर कंटेंट". मग "कोलॅबसाठी मेसेज करा". तिघांनाही छान फोटो होते, तिघांच्याही शेकड्यानं पोस्ट होत्या. त्याच पोस्टखाली एका बिनफोटोच्या खात्यानं लिहिलं होतं, "देवाची मर्जी. जेवत जा ताई." त्या दिवशी काय ते कळायला पाहिजे होतं, पण दुःखात कोण फॉलोअर मोजतं.

एकेकट्या खात्यावरून तसंही फार कळत नाही. कळपावरून कळतं. रात्री दोन ते तीनच्या मध्ये दीडशे जण एकदम आले आणि एकानंही एक रील बघितली नाही, तर ते भाकरी खायला आलेले नाहीत. इन्साइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्राम पेजवाल्याला आकडेवारी दाखवतं तिथं, फॉलोअरांची शहरं दिसतात. माझ्याकडं सोलापूर, पुणे, मुंबई असा क्रम असतो. त्यात जर उद्या जकार्ता वर आलं, तर जकार्तात कडक भाकरीची एवढी आवड आहे असं मी तरी धरणार नाही. एखाद्याचा फारच संशय आला तर प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत 'या खात्याविषयी' असा पर्याय बऱ्याच ठिकाणी असतो. खातं कधी काढलं, कुठल्या देशातून चालतं, आधी नाव बदललंय का, ते तिथं दिसतं.

जिवंत माणसांचा खोटेपणा ओळखायला जास्त अवघड, त्याच्यावर मूळ लेखात मी एक ओळही लिहिली नव्हती. घरगुती धंदा करणाऱ्या आम्ही चाळीस जणींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. नियम एकच, कुणी लिंक टाकली की बाकीच्यांनी लाईक करून 'डन' लिहायचं. माझ्या दीड मिनिटाच्या रीलला पहिल्या मिनिटात अठरा लाईक! बघून संपायच्या आधीच आवडली. आठ महिन्यांत त्या चाळीस जणींतल्या एकीनं माझ्याकडून पाव किलो चटणी नेली नाही, आणि खरं सांगायचं तर मी पण कुणाचे पापड घेतले नाहीत. सगळ्याच पाटी घेऊन बसलेल्या, गिऱ्हाईक एकही नाही. बायका वाईट नव्हत्या, दोघी-तिघी आजही मैत्रिणी आहेत. पण मी ग्रुप सोडला.

आता तुमचं उद्घाटन.

दादा, उद्घाटनाला आलेला पाहुणा पेढा खातो, माल हातात घेऊन बघतो आणि घरी जाऊन चार जणांना सांगतो, निदान नावं तरी ठेवतो. विकतचा फॉलोअर यातलं काहीच करत नाही. तो नुसता आकडा असतो, आणि गंमत म्हणजे त्या आकड्याला सगळ्यात आधी आपणच फसतो. मी फसले. पैसे देऊन फॉलोअर घेतले नव्हते, चटणी देऊन घेतले होते. डिसेंबरात मी जाहीर केलं, पेज फॉलो करा, तीन जणांना टॅग करा, पाच जणांना अर्धा किलो शेंगा चटणी मोफत. चार दिवसांत १,९०० जण आले. मी हवेत. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, पुण्याची पोरं घरी येतात, परत जाताना डबे भरून नेतात, म्हणून दरवर्षी मी पंचवीस किलो चटणी करते. त्या वर्षी सत्तर किलो केली.

सत्तर किलो म्हणजे काय ते लिहूनच सांगते. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, पाखडून सालं काढायची, मग लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. आमच्याकडं कुटायचं यंत्र आहे, पण यंत्राला सुद्धा उसंत द्यावी लागते. दोन बायका मदतीला घेतल्या, त्यांची मजुरी दिली. होम मैदानावर पाळणे लागले, नंदीध्वज निघाले, अक्षता पडल्या, यात्रा संपली. चटणी खपली अठ्ठावीस किलो. राहिलेली वाटली, स्वस्तात दिली, आणि तरी मार्चमध्ये डबा उघडला की खवट वास यायचा. आमचे मालक एकच वाक्य बोलले, "फॉलोअर चटणी खात नसतात का गं?" ते १,९०० जण स्पर्धांवर जगणारे होते. माझ्या आधी कुणाची तरी फेसक्रीम, नंतर कुणाचं तरी हेडफोन. यात्रा संपेपर्यंत हजारावर निघूनही गेले.

म्हणून बिघडलं कुठं, असं कुणी विचारलं की मला तो डबा आठवतो. त्यातून रील लोकांपुढं किती जाते ते बघणाऱ्यांच्या वागण्यावर ठरतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला स्वतः सांगितलं की किती वेळ बघितलं, किती लाईक आले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं, ही तीन मापं सगळ्यात महत्त्वाची. मेलेलं खातं यातलं एकही करत नाही. फॉलोअर वाढवून देणारी ॲप्स तर तुमचाच पासवर्ड मागतात आणि तुमच्या खात्यावरून रात्रभर भलत्याच लोकांना लाईक ठोकत बसतात. असल्या ॲपमधून आलेले लाईक, फॉलो आणि कमेंट काढून टाकू, असं इन्स्टाग्रामनं २०१८ च्या नोव्हेंबरातच जाहीर केलंय. त्याही आधी, २०१४ च्या डिसेंबरात, त्यांनी एकदा झाडू मारला तेव्हा त्यांच्या स्वतःच्या खात्यावरचे एक कोटी ऐंशी लाखांवर फॉलोअर गेले होते. विकत घेतलेलं टिकेल याचीही खात्री नाही.

राहिला तो काल धंदा सुरू केलेला पोरगा. त्याची अडचण मी हसण्यावारी नेत नाही, कारण माझं पेज पण ११ फॉलोअरांवर पाच महिने होतं, आणि त्यात माझी दोन खाती होती. पण रिकामं पेज म्हणजे कमी फॉलोअरांचं पेज नव्हे. भाव लिहिलेला नाही, पत्ता नाही, चटणी किती दिवस टिकते ते नाही, ते रिकामं. हडपसरच्या एका गिऱ्हाइकाला मी विचारलं होतं, मला ओळखत नसताना तुम्ही आगाऊ पैसे कसे पाठवले? ती म्हणाली, "खाली एका बाईनं विचारलं होतं तिखट कितपत आहे, आणि तुम्ही उत्तर दिलं होतं की पोरांना चालणार नाही. म्हटलं, ही खरं बोलते." तेव्हा माझे चारशे पण फॉलोअर नव्हते.

त्यानं आधी ज्यांनी माल वापरलाय त्यांच्याकडं जावं. पाकिटात पेजच्या नावाची चिठ्ठी टाकावी. मला सगळ्यात जास्त माणसं कशानं मिळाली सांगू? गाणं नाही, नाच नाही, चाळीस सेकंद नुसता कुटण्याचा आवाज आणि शेवटी हातावर घेतलेली तेल सुटलेली चटणी. पुण्यात नोकरीला गेलेल्या सोलापूरच्या पोरांनी ती एकमेकांना पाठवली. एकानं खाली लिहिलं, "काय बे, ऑफिसात रडवतीस का." तो आजही दर महिन्याला किलोभर मागवतो. असे वर्षभरात साठ-सत्तर जण जमले, आणि माझा धंदा त्यांच्यावर चालतो, बाकीच्या हजारांवर नाही.

मूळ लेखातली ती ओळ मी खोडलेली नाही, खोडली असती तर तुमची प्रतिक्रिया वेड्यासारखी दिसली असती. तिच्याखाली दुरुस्ती जोडलीय.

अजून एक. तुमचं वाचून काल रात्री मी 'मेसेज रिक्वेस्ट'चा कप्पा उघडला. आपण ज्यांना फॉलो करत नाही त्यांचे मेसेज तिथं जाऊन पडतात, आणि मी तिथं कधी फिरकतच नव्हते. चौदा निघाले. नऊ फॉलोअर विकणारे, दोन लॉटरीवाले, एक "हाय डिअर", एक शाळेतली मैत्रीण. चौदावं खातं बिनफोटोचं, नावात सहा आकडे. फेब्रुवारीपासून पडून असलेला मेसेज एवढाच, "भाकर हाय का". मी रात्रीच लिहिलं, आहे, उशीर झाला, माफ करा. सकाळी उत्तर आलंय, वीस पाहिजेत, ज्वारीच्या, पातळ.